वेदीवरच्या तीन चिठ्ठ्या

वहबाच्या मरणाचा चाळिसावा दिवस झाला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी फल्तसने गुऱ्हाळाच्या दाराला नवंकोरं कुलूप ठोकलं.

इस्तीर कालव्यावरून पाण्याचा डबा डोक्यावर घेऊन येत होती. तिने लांबूनच बघितलं. दीर कुलूप ओढून ओढून बघत होता. आता आत चोरण्यासारखं होतं तरी काय? तांब्याच्या तीन कढया, म्हातारं डिझेल इंजिन, चरक, दोन झारे आणि भिंतीला टेकवलेला कढई उतरवायचा वासा. पण फल्तस अठरा वर्षं कैरोत राहिलेला. तिथे म्हणे माणसं चपलांनासुद्धा कुलूप घालतात.

"वहिनी, किल्ली माझ्याकडे राहू दे," तो म्हणाला. "गिऱ्हाईक बघायला येणार आहे."

इस्तीरने डबा उतरवला नाही, तशीच उभी राहिली. डोक्यावर पाणी असलं की मान ताठ ठेवावी लागते. रागाला ते बरं पडतं.

"कसलं गिऱ्हाईक, भावजी?"

फल्तसने मग सगळं सांगितलं. मल्लवीचा एक विटांचा व्यापारी होता, त्याला विटा रचायला कालव्याकाठची जागा हवी होती. कढया मोडीत जातील. कैरोच्या शुब्रा भागात ज्या इमारतीचा फल्तस रखवालदार होता, तिच्या गच्चीवरची एक खोली रिकामी होती. तिथे इस्तीरने आणि तिच्या लेकीने, दिम्यानाने राहायचं. दिम्याना शिकलेली पोर, तिला शिवणाच्या दुकानात लावून देता येईल. चर्च तर समोरच्याच गल्लीत. हे सांगताना तो दोन्ही हात छातीशी धरून बोलत होता. माणूस वाईट नव्हता. भावाला मातीत ठेवताना लहान पोरासारखा रडला होता. आपण वहिनीचं भलं करतोय असंच त्याला मनापासून वाटत होतं, आणि खरी पंचाईत तीच होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

"शेतात ऊस उभा हाय," इस्तीर म्हणाली.

"उभा विकू."

"मोठा उपास अकरा दिवसांवर आलाय."

हे फल्तसलाही कळत होतं. मोठ्या उपासाला पंचावन्न दिवस घरात दूध नाही, अंडं नाही, मटण नाही. सकाळ-संध्याकाळ भाकरी, वाटलेले तीळ आणि उसाची काकवी, जिला इकडे काळा मध म्हणतात. आणि नजलत बिशाय गावात काळा मध म्हणजे वहबाचा काळा मध. बापाच्या वेळेपासून तेच चालत आलेलं. नाताळ झाल्यावर चौथ्या दिवशी वहबाच्या छातीत कळ आली आणि चुलाण पेटायच्या आधीच तो गेला. तेव्हापासून ऊस नुसता उभा होता. पातींची टोकं वाळून कागदासारखी वाजायला लागली होती.

"कढईपाशी मी उभी ऱ्हाईन," इस्तीर म्हणाली.

फल्तस हसला. टाकून बोलल्यासारखं नाही, लहान मूल काही बोललं की हसतो तसा. ते तिला जास्त लागलं. तिने डबा उंबऱ्याशी उतरवला आणि तशीच रिज्कच्या घरी गेली.

रिज्क आणि बखीत हे कढई उतरवणारे. रिज्क वहबाहून वयाने मोठा, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पाकाच्या डागांची नक्षी. त्याने तिला आदराने बसवलं, चहा दिला, वहबाच्या नावाने डोळे पुसले. आणि मग सरळ नाही म्हणाला. बाई कढईपाशी उभी राहिली की पाक बसत नाही, हे गावातलं शेंबडं पोर सांगेल, असं त्याचं म्हणणं.

"दिम्यानाच्या आये, भाकर माग, अर्धी मोडून दीन," तो म्हणाला. "पर बाईच्या हुकमावर कढई उतरव म्हनू नगंस. गाव मला बांगड्या भरंल."

इस्तीरच्या जिभेच्या टोकावर एक वाक्य आलं होतं. तिने ते चहाच्या घोटाबरोबर गिळलं.

ते वाक्य बोललं असतं तर रिज्क कढई उतरवायला उठलाच असता. गेले तीन हंगाम वहबाला कढईतलं दिसत नव्हतं. चुलाणाची धग आणि धूर खाऊन खाऊन डोळ्यांवर साय धरली होती. जवळ गेला की फेस आहे एवढं कळायचं, त्याचा रंग कळायचा नाही. आणि काळ्या मधाचा सगळा जीव शेवटच्या घटकेत. लवकर उतरवलं तर आंबतो, उशीर झाला तर कडू होतो. म्हणून बायकांनी चिपाडं सारायची जागा जिथे होती, तिथल्या गोणपाटाच्या पडद्याआड इस्तीर बसायची. गोणपाटाला भोक होतं. फेस पिवळा पडून त्याचे डोळे, म्हणजे बुडबुडे, बारीक झाले, वास बदलला, की ती बोटांच्या पेरांवर एकेचाळीस वेळा किर्यालैसोन म्हणायची. देवा दया कर, देवा दया कर. रोजच्या ठरल्या तासांच्या प्रार्थनेत म्हणतात तेवढेच एकेचाळीस. एकेचाळिसावा झाला की खोकायची. मग दोन श्वासांनी वहबा म्हणायचा, "चला." रिज्क नि बखीत वासा उचलायचे. तीन हंगामांत एक कढई बिघडली नाही. लोक म्हणायचे, वहबाचे डोळे म्हणजे डोळे आहेत.

हे तिघांनाच माहीत होतं: वहबाला, तिला आणि देवाला. त्यातला एक मातीत गेला. त्याची अब्रू आता तिच्या तोंडात होती. तोंड उघडलं असतं तर गुऱ्हाळ तिचं झालं असतं आणि वहबा आंधळा ठरला असता. नवरा मेल्यावर चाळीस दिवसांत त्याला विकायचा, असली बाई ती नव्हती. चहा संपवून ती उठली.

संध्याकाळी फल्तसनेच तोड काढली. म्हणाला, वहिनी, तू म्हणतेस राहू, मी म्हणतो जाऊ. आपण कोण ठरवणार? वेदीवर चिठ्ठ्या ठेवू. देव सांगेल तसं.

इस्तीरला हायसं वाटलं. देवाशी तिचं भांडण नव्हतं. पंधराव्या वर्षी नदीच्या पलीकडून नावेत बसून ती या गावात आली, तेव्हा नवऱ्याचं तोंडही तिने धड बघितलं नव्हतं. नंतर दोन मुलगे पुरले. एक साल ऊस कीड लागून गेला, एक साल पुराने. पुढची वाट तिला कधी दिसली नव्हती. पण अंधारात कुणीतरी मनगट धरलंय एवढं तिला कळायचं, आणि तेवढ्यावर तिने आजवर पावलं टाकली होती. वाट दाखव असं ती मागायची नाही. हात सोडू नको, एवढंच म्हणायची.

तेव्हा तिने तीन दिवसांचा कडक उपास धरला. दिवस मावळेपर्यंत पाणीसुद्धा नाही. फल्तसनेही धरला, पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या मिशीला उकडलेल्या बाकल्याच्या दाण्याचा कण लागलेला दिम्यानाने बघितला. आईला सांगितलं. "शहरी पोट हाय, चालायचंच," इस्तीर म्हणाली.

चिठ्ठ्या फल्तसनेच लिहिल्या, त्याचं अक्षर वळणदार. इस्तीरला अक्षरओळख नव्हती. ती समोर बसून त्याच्या बोटांकडे बघत होती. रीतीप्रमाणे तीन कागद: दोन लिहिलेले, एक कोरा. कोरा निघाला तर देव म्हणतो थांबा. तिने प्रत्येक घडीवर अंगठ्याने क्रूस काढला आणि आपल्या हाताने पाद्रींच्या, अबूना बोलिसांच्या हवाली केल्या. रविवारच्या उपासनेत, मिस्साभर, त्या वेदीवर होत्या. मिस्सा संपल्यावर अबूनांनी डोळे मिटून एक उचलली, वेदीच्या पडद्याबाहेर आले आणि वाचली.

"ह्या हंगामात विकून जावं."

बायकांच्या बाजूला कुणीतरी हुंदका दिला. इस्तीरने खाली वाकून फरशीला ओठ लावले. फरशी गार होती.

फल्तसने त्याच दिवशी कुलूप काढून दिलं, कढया घासायला. मोडीत जायच्या असल्या तरी चकचकीत दिसल्या तर बरं, म्हणाला. इस्तीर नि दिम्याना राख आणि आंबट संत्र्याच्या साली घेऊन कढयांत उतरल्या. तिसरी कढई, जिच्यात शेवटचा पाक व्हायचा, ती इस्तीरने एकटीने घासली. कढईच्या काठाला एका जागी तांबं झिजून पातळ झालेलं होतं, वहबा तिथे झारा आपटायचा. त्या जागेवर तिचा हात आला आणि थांबला. मग ती कढईत बसून मनमोकळं रडली. दिम्यानाने बघितलं न बघितल्यासारखं केलं.

"आये, देवाला खरंच असं पायजे असंल?" पोरीने बऱ्याच वेळाने विचारलं.

"त्यानं सांगितलंय न्हवं? मग गप घास."

सोमवारी तिने वाटेसाठी भाकऱ्या लावल्या. तंदूर तापला. वेदीवर राहून आलेला कागद उकिरड्यावर टाकत नाहीत, तो भाकरीच्या आगीत जाळायचा, म्हणून अबूनांनी तिन्ही चिठ्ठ्या तिच्या पदरात घातल्या होत्या. तिने पदराची गाठ सोडली. टाकायच्या आधी तिला उगीचच वाटलं, देवापाशी राहून आलेत कागद, एकदा ऐकावेत तरी. "वाच गं," ती दिम्यानाला म्हणाली.

दिम्यानाने पहिली उघडली. "ह्या हंगामात विकून जावं." ही निघालेली.

दुसरी कोरी.

तिसरी उघडून पोर वाचेचना. दोनदा ओठ हलले नुसते.

"मुकी झालीस का?"

"आये, हिच्यात लिवलंय, पुढच्या हंगामात विकून जावं."

"आन् ऱ्हावं म्हणून?"

"तसलं न्हाईच कशात."

इस्तीरने तंदुराकडे बघितलं. आत भाकरी फुगली होती, आता काढली नाही तर करपेल. तिने काढली. उरलेल्याही एकेक करून काढल्या, सुपात रचल्या, वर फडकं टाकलं. अन्नाचा काय दोष? मग पिठाच्या हातांनीच तीन कागद मुठीत धरून ती चर्चच्या अंगणात गेली.

फल्तस अबूनांबरोबर चहा पीत बसला होता. इस्तीरने कागद दोघांच्या मधल्या स्टुलावर ठेवले आणि विचारलं, ऱ्हावं ही चिठ्ठी कुठे आहे?

फल्तस गोंधळला. खरोखर गोंधळला, हे सांगायला हवं. त्याने लबाडी केली होती असं त्याला वाटतच नव्हतं.

"वहिनी, राहण्याचा प्रश्नच कुठे होता? कढईपाशी उभं कोण राहणार? मी विचारलं ते आत्ता की पुढच्या साली, एवढंच. तुझ्यासाठीच एक साल सोडलं होतं की मी."

अबूना बोलिसांचा चेहरा उतरला. म्हातारा माणूस, पण खोटं बोलणारा नव्हे. आपण कागद उघडून बघितले नाहीत, वेदीवरचे कागद उघडून बघायची रीत नाही, असं ते म्हणाले. मग म्हणाले, चूक झाली. पुन्हा तीन दिवस उपास करू, येत्या रविवारी नव्याने चिठ्ठ्या ठेवू. या खेपेला मी स्वतः लिहीन.

"न्हाई," इस्तीर म्हणाली.

अंगण झाडणारा सेवेकरी झाडू धरून उभा राहिला.

"अबूना, मी तीन दिवस पानी न पिता बसले, ते त्याला इचारायला. ह्येंनी त्याला इचारलंच न्हाई आन् त्याच्या तोंडात उत्तर घातलं. मी फरशीचा मुका घेतला. कुनाच्या हुकमाचा घेतला मी? भावजींच्या?" तिचा आवाज चढला नव्हता. "रविवारपतोर ऊस थांबत न्हाई. मला आता कागद नगं. त्यानं मला कंदी कागदावर सांगितलं न्हाई. पाऊल टाकल्यावर सांगतो त्यो. खड्डा असला तर पाडंल."

"हा गर्व तर नाही ना, पोरी?" अबूनांनी हळूच विचारलं.

"असंल तर उपासात फेडीन, अबूना. पंचावन्न दिस हाईत की म्होरं."

तिने फल्तसपुढे हात पसरला, किल्लीसाठी. कुलूप आदल्या संध्याकाळी त्याने पुन्हा लावलं होतं. फल्तस खिशाकडे हात नेऊन थांबला. आधी रीतसर काय ते ठरू दे, म्हणाला. इस्तीरने हात मागे घेतला, घरी जाऊन उसाचा कोयता घेतला आणि गुऱ्हाळाच्या दारावर त्याची पाठ घातली. तिसऱ्या घावाला कडीच दारातून उपटून आली. कुलूप मात्र शाबूत राहिलं, कैरोचा माल होता. ते कडीसकट तिने दिराच्या खाटेवर नेऊन ठेवलं.

मग दोन दिवस ऊसतोड. पुरुष एक आला नाही. आली ती शेजारची, हज करून आलेली हाज्जा नफीसा, आपल्या दोन सुना आणि गाढव घेऊन. तिचाही बांधालगत चार ओळी ऊस होता, आणि तिच्या घरी रमजानला वहबाचाच मध लागायचा. "आमी काय आता बाजारचं साखरपानी पिऊ?" एवढंच ती म्हणाली आणि ओढणी कमरेला खोचून वाकली. पाती गालांना, मनगटांना चिरत होत्या. दुपारपर्यंत इस्तीरची कंबर धरली, तिने ती दोरीने आवळून बांधली. वाटेने जाणारे गडी थांबून बघायचे आणि आपसात काहीतरी बोलून हसायचे. एकाने विचारलं, कढई काय आता पोळ्या लाटायच्या लाटण्यानं उतरवणार का? इस्तीरने मान वर केली नाही. तिला ते ऐकू गेलं नव्हतं असं नाही.

तिसऱ्या दिवशी पहाट फुटताच इंजिनाशी झटापट झाली. हँडल दोनदा फिरलं, तिसऱ्यांदा उलटं आलं आणि तिच्या मनगटावर बसलं. हाड मोडलं नाही, पण बघता बघता मनगट वांग्यासारखं सुजलं. चौथ्यांदा दिम्याना नि ती दोघींनी मिळून फिरवलं तेव्हा इंजिन भकभक करून धरलं. चरकातून रस आला, हिरवट, गार, कच्च्या गवताच्या वासाचा. इस्तीरने ओंजळभर पिऊन बघितला. ऊस वाळला होता खरा, पण गोडी होती.

अबूना बोलिस न बोलावता आले. दर साली चुलाण चर्चमधल्या मेणबत्तीने पेटायचं. ते मेणबत्ती हाताच्या आडोशाला धरून कालव्याच्या वाऱ्यातून चालत आले, चिपाडाला लावली, क्रूसाची खूण केली आणि बाजूला बसले. त्यांच्यामागून एकेक करत निम्मं गाव भिंतीशी येऊन टेकलं. रिज्क होता, बखीत होता. फल्तसही आला. त्याने गाडी दोन दिवस पुढे ढकलली होती. इस्तीरने सगळ्यांदेखत गोणपाटाचा पडदा खिळ्यावरून उपसला, घडी घातली आणि बसायला खाली घेतली. मग वाटलं, बसून व्हायचं नाही, नि उभी राहिली.

पहिल्या कढईतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. मळी वर आली की झाऱ्याने काढायची. सुजलेल्या हाताने झारा पेलवेना, तेव्हा डाव्या हाताने. चुलाणाची धग तोंडावर येत होती. पडद्याआड ती एवढी लागायची नाही. वहबा सव्वीस वर्षं ही सोसत होता हे तिला पहिल्यांदाच कळलं, आणि ती मनात म्हणाली, माणसा, तुझे डोळे जाणार नाहीत तर काय होईल.

सगळ्यांना एकच दिसत होतं. पाक होईलही, पण कढई उतरवणार कोण? तिने वाशाची दोन टोकं बघून ठेवली होती. एकीकडे ती, एकीकडे हाज्जा नफीसा नि दिम्याना. तोल गेला तर तिघी भाजून निघतील. बादल्यांनी उपसायचं तर निम्मं उपसेपर्यंत बुडाला करपेल. हे भिंतीशी बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि तिलाही.

फेस पांढरा होता, तो पिवळा पडायला लागला. डोळे मोठे होते, ते बारीक झाले. वास बदलला. इस्तीरने झारा टेकवला आणि अंगठा पहिल्या पेरावर ठेवला. किर्यालैसोन. आता तिला भिंतीशी कोण बसलंय ते दिसत नव्हतं. मला वाट दिसत न्हाई, ती मनात म्हणाली, पन तू हाईस. किर्यालैसोन. विसावा झाला. तिसावा झाला. दिम्याना भेदरून तिच्या तोंडाकडे बघत होती. हाज्जाने वाशाला हात लावला होता. एकोणचाळीस. चाळीस. एकेचाळीस.

आणि इस्तीर खोकली.

तिला खोकायचं नव्हतं. आता कुणासाठी खोकायचं? पण तीन हंगामांची सवय, खोकला छातीतून आपोआप आला, कोरडा, आखूड.

भिंतीशी रिज्क उठला. तो उठायचं म्हणून उठला नव्हता. त्याचे पाय उठले, ते त्याला चुलाणापर्यंत घेऊन आले, आणि हात वाशाच्या उजव्या टोकाला गेले तेव्हा कुठे त्याला कळलं आपण उभे आहोत. डावीकडे बखीत येऊन उभा होता, तोंड उघडं टाकून. रिज्कने इस्तीरकडे बघितलं. मग खिळ्याकडे, जिथे तीन हंगाम पडदा होता. मग पुन्हा तिच्याकडे. त्याच्या तोंडावर एकेक गोष्ट उगवत गेली.

दोन श्वास झाले होते.

"चला," इस्तीर म्हणाली.

वासा कड्यांतून गेला, कढई उचलली, कलती झाली, आणि काळा मध जाड दोरीसारखा हौदात उतरला. मावळतीच्या उन्हात तो लालसर दिसला. एक थेंब बाहेर सांडला नाही. कढई टेकवल्यावर रिज्कने बोटावर थेंब घेतला, दुसऱ्या बोटाने ओढला. तार तुटली नाही. त्याने बोट चाटलं.

"तीन साल ह्याच खोकल्याव उठतुया मी," तो खालच्या आवाजात, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला.

इस्तीरने त्याच्या डोळ्यांत बघितलं. आता हा माणूस वळून सगळ्यांना सांगणार.

रिज्क वळला. डाग पडलेला हात फडक्याला पुसत भिंतीकडे बघून मोठ्याने म्हणाला, "वहबानं घरात शिकवून ठेवलंय. पाक त्योच हाय." आणि बखीतला म्हणाला, "बघतोस काय? दुसऱ्या कढईचं बघ."

वहबाची अब्रू राहिली. इस्तीरने तोंड चुलाणाकडे फिरवलं. धगीने डोळ्यांत पाणी येतंच, कुणाला वेगळं सांगायला लागलं नाही.

पहिला घडा रीतीप्रमाणे चर्चचा. तो अबूनांनी स्वतः उचलला. चिठ्ठ्यांबद्दल त्यांनी काही काढलं नाही. जाताना इस्तीरच्या डोक्यावर हात ठेवला नि तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ठेवला.

दुसऱ्या दिवशी फल्तस निघाला. गाठोडं बांधून गुऱ्हाळाच्या दारात आला तेव्हा इस्तीर कढईपाशीच होती. तो म्हणाला, विटावाल्याला काय सांगू? पुढच्या साली बघू म्हणून सांगू का?

"नगं सांगू पुढच्या सालाचं. त्ये कुनाला म्हाईत?" तिने ताज्या मधाचा डबा त्याच्या हातात दिला, झाकणाला कणीक लावून बंद केलेला. "वाटा तुमचा निम्मा हाय, त्यो तुमचाच. दरसाल डबं गाडीवर ठिवत जाईन. शुब्राच्या चर्चातबी द्या थोडा."

"आणि वेदीवरची चिठ्ठी, वहिनी? ती तर निघालीच होती."

"ती खोटी कुटं म्हनते मी? ज्यानं इचारलं त्येला देवानं उत्तर दिलं." इस्तीरने सुजलेल्या हाताने कपाळावरचा घाम पुसला. "जावं म्हणून निघालंय न्हवं? मग जावा, भावजी. गाडी चुकंल."

फल्तस हसला, या खेपेला वेगळं, आणि डबा काखेत मारून कालव्याच्या वाटेने चालू लागला. इस्तीर त्याच्याकडे बघत राहिली नाही. तिसऱ्या कढईत फेस पिवळा पडत होता. तिने अंगठा पहिल्या पेरावर ठेवला आणि मोजायला लागली, आज मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.